जखम घोट्यापाशी, मूळ शिरेत

‘व्रण’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. बोलण्यात व्रण म्हणजे भरून आलेल्या जखमेची खूण. वैद्यकाच्या पुस्तकात व्रण म्हणजे न भरलेली जखम. हे अर्थ एकमेकांच्या उलट वाटले तरी त्यांचे नाते जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या नावाची उकल केली आहे ती अशी, की जखम भरून आली तरी तिची जागा देह असेपर्यंत पुसली जात नाही, म्हणून तो व्रण. पायाच्या शिरा बिघडल्याने घोट्यापाशी होणाऱ्या ज्या जखमेविषयी हे पुस्तक आहे, तिला ही उकल अक्षरशः लागू पडते. ती भरते, खूण ठेवते, आणि मूळ कारण तसेच राहिले तर त्याच खुणेतून पुन्हा उघडते.

हा रुग्ण आपल्याकडे कसा येतो ते आधी सांगतो. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडी अशा यंत्रमागाच्या गावात ज्याने ओपीडी चालवली आहे, तो त्याला दारातच ओळखेल. वय पन्नाशीचे, वीस-पंचवीस वर्षे लूमवर उभ्याने पाळी काढलेली. घोट्याच्या आतल्या बाजूला वेडीवाकडी, उथळ, ओली जखम. भोवतालची कातडी काळवंडलेली, कडक आणि खाजरी. संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, सुजतो, रात्री उशीवर ठेवला की जरा बरे वाटते. हळद झाली, मलमे झाली, अँटिबायोटिकच्या पावडरी झाल्या. सोबत आलेली बायको न विचारताच सांगते, ‘शुगर नाही डॉक्टर, तीनदा तपासली, तरी जखम भरत नाही.’ न भरणारी जखम म्हणजे मधुमेह, हे आता घराघरांत ठाऊक झाले आहे आणि ते चांगलेच आहे. पण त्या समजुतीच्या सावलीत हा दुसरा आजार झाकला जातो. वाहतूक पोलीस, एसटीचे वाहक, केशकर्तनालयातले कारागीर, भटारखान्यातले आचारी, फळ्यासमोर आयुष्य गेलेले शिक्षक, तीन-चार बाळंतपणे झालेल्या आणि ओट्याशी उभ्या राहिलेल्या स्त्रिया, अशा सगळ्यांच्या पायांत तो दिसतो.

या जखमेने माणूस सहसा दगावत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे हेच मोठे कारण असावे. मात्र ती माणसाचे जगणे आतून कुरतडत नेते. पट्टीला वास येतो म्हणून तो लग्नाच्या पंगतीला बसत नाही, देवळात मागे उभा राहतो. पाळ्या बुडतात, मजुरी जाते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत प्रौढांपैकी सुमारे एक टक्का लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा व्रण होतो असे मानले जाते, आणि पायावरच्या जुनाट जखमांमध्ये शिरांमुळे झालेल्या जखमांचा वाटा तिथे सर्वांत मोठा आहे. इतक्या मोठ्या दुखण्याकडे शास्त्राने किती काळ किती कमी पाहिले, याची रुखरुख हे पुस्तक लिहिण्यामागे आहे.

विषयात शिरताना शब्दांचा एक खुलासा करायला हवा. शाळेच्या पुस्तकात हृदयाकडे रक्त आणणाऱ्या नळीला नीला म्हणतात आणि हृदयाकडून नेणारीला रोहिणी. रुग्ण मात्र ‘शिरा फुगल्यात’ असेच म्हणतो, आणि डॉक्टरही त्याच्याशी तसेच बोलतात. म्हणून इथे शीर आणि धमनी हे शब्द वापरले आहेत. वाचकांनी ‘शीर’ वाचताना नस किंवा मज्जातंतू मनात आणू नये, एवढी एकच विनंती.

व्रणाचे मूळ कळायला फार शरीरशास्त्र लागत नाही. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेवर हृदयापर्यंतच्या रक्ताच्या सबंध स्तंभाचा भार असतो. तो साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका भरतो. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आवळतात, खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर चढते, आणि शिरांमधल्या नाजूक झडपा मिटून त्याला खाली उतरू देत नाहीत. काही पावलांतच निरोगी पायातला हा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली येतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते याच कामामुळे. झडपा ढिल्या पडल्या की वर चढवलेले रक्त लगेच मागे फिरते. फुटक्या पोहऱ्याने पाणी शेंदावे, तशी पोटरीची मेहनत वाया जाते. माणूस कितीही चालला तरी घोट्यातला दाब उतरत नाही. वर्षानुवर्षे असे चालले की केशवाहिन्यांतून पाणी झिरपते, तांबड्या पेशीही बाहेर पडतात, त्यांतले लोह कातडीत साठून ती काळपट होते, खालची चरबी कडक होते. अशा कातडीला खाजवताना नख लागायचा अवकाश, जखम होते आणि भरायची राहते.

या प्रवासाला टप्पे आहेत. १९९४ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘सीप’ नावाचे वर्गीकरण केले. त्यात काहीच न दिसणाऱ्या पायापासून उघड्या व्रणापर्यंत सी-० ते सी-६ अशा पायऱ्या आहेत. भरलेला व्रण सी-५, उघडा सी-६. २०२०च्या सुधारणेत पुन्हा उघडलेल्या व्रणासाठी वेगळी खूण जोडली गेली. सुश्रुताने नावातच जे ओळखले होते, त्याची ही आधुनिक नोंद म्हणता येईल.

आता उपचाराकडे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेझर हा शब्द आहे, तरी पहिले प्रकरण पट्टीचे आहे. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम आणि पट्टी बांधण्याच्या चौदा तऱ्हा सांगितल्या, म्हणजे बांधण्याची विद्या आपल्याकडे किती मानाची होती ते दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉल उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने जस्ताच्या लेपाची पट्टी पायाला गुंडाळली. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९८०च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांची पट्टी तयार झाली. तत्त्व एकच: घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब द्यायचा आणि वर गुडघ्याकडे तो कमी करत न्यायचा. नीट बांधलेल्या पट्टीखाली सूज उतरते, पोटरीच्या पंपाला आधार मिळतो आणि पुष्कळ व्रण औषधाच्या थेंबाविना भरतात. हे कसब पुस्तकातून येत नाही. ड्रेसिंगच्या खोलीत वर्षे काढलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्या बोटांत ते असते, आणि त्यांच्याकडून ते शिकलो याचा मला अभिमान आहे. एक सावधगिरी मात्र कधीही सोडायची नाही. पायाकडे येणाऱ्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टीने पाय गमावण्याची वेळ येईल. म्हणून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी बांधू नये, आणि ०.५च्या खाली असेल तर आधी धमन्यांचा विचार करावा.

इथून पुढे लेझर. या एका शब्दाखाली तीन निरनिराळे उपचार वावरतात, आणि नव्या वाचकाचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जाहिरातीत नुसते ‘लेझरने उपचार’ असे लिहिलेले असते. रुग्णाला वाटते जखमेवर किरण सोडणार, डॉक्टरच्या मनात असते मांडीतली शीर बंद करणे. तुम्ही हे पुस्तक वाचत असाल तर कोणत्याही पानावर लेझर हा शब्द आला की स्वतःला विचारा: हा प्रकाश कुठे पडतो आहे, जखमेच्या पेशींवर, जखमेवरच्या मेलेल्या थरावर, की शिरेच्या आतून?

पहिल्या प्रकाराचा जन्म एका फसलेल्या प्रयोगातून झाला. थिओडोर मैमान यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर चमकवला. पुढे सात-आठ वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर हे शल्यविशारद उंदरांच्या अंगातल्या गाठी लेझरने जाळण्याचा प्रयत्न करत होते. त्यांच्या यंत्राची शक्ती क्षीण होती. गाठी जळाल्या नाहीत. पण ज्या उंदरांची पाठ भादरून त्यांवर लाल प्रकाश टाकला होता, त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. फसलेला प्रयोग बाजूला टाकून न देता मेस्टर यांनी ते केस पाहिले, आणि पुढे न भरणाऱ्या व्रणांवर हा सौम्य प्रकाश वापरून पाहिला. प्रकाशाने कातडीचा रोग बरा करण्याची कल्पना तशी आधीही होती. कातडीच्या क्षयावर कमानदिव्याचा प्रकाश वापरल्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ सालचे नोबेल मिळाले होते. मेस्टर यांच्या उपचाराला आज फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. लाल आणि निकटअवरक्त प्रकाश पेशींतल्या मायटोकाँड्रियामधले एक विकर शोषून घेते आणि पेशीला ऊर्जा वाढवून मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या प्रकाशाने कातडी गरमही लागत नाही. मात्रा कमी पडली तर परिणाम होत नाही, जास्त झाली तर उलटाही होतो, म्हणून हे काम सोपे दिसले तरी नाजूक आहे.

दुसऱ्या प्रकाराशी आपल्या मातीचे नाते आहे, आणि ते सांगताना थोडे रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६४च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर घडवला. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर; पाणी तो अधाशीपणे शोषते. आपल्या पेशी बहुतांशी पाण्याच्याच असल्यामुळे हा किरण जिथे पडतो तिथला पातळ थर क्षणात वाफ होऊन जातो आणि खालच्या थराला फारशी झळ लागत नाही. काही शल्यक्रियांत त्याने सुरीची जागा घेतली. व्रणावरचा मेलेला पिवळट थर खरवडून काढायचे काम याच किरणाने करतात. बारामतीत जन्मलेल्या माणसाचे यंत्र एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या पायाची जखम साफ करते, हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

तिसरा प्रकार जखमेला हातही लावत नाही, आणि माझ्या मते सर्वांत दूरवर परिणाम करणारा तोच आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत चढणारी वरवरची मोठी शीर, तिच्या झडपा निकामी झाल्या असतील, तर ती शीरच आतून बंद करायची. पूर्वी ती जांघेत बांधून ओढून काढत. १९९९ साली स्पेनच्या कार्लोस बोने यांनी शिरेच्या आत लेझरचा तंतू घालण्याची कल्पना मांडली आणि २००१ साली न्यूयॉर्कच्या लुइस नवारो, रॉबर्ट मिन आणि सहकाऱ्यांनी त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आज हे काम पूर्ण भूल न देता, सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत होते. गुडघ्याच्या आसपास सुई टोचून शिरेत बारीक काचतंतू सरकवतात. त्याचे टोक जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्या संगमापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. मग शिरेभोवती बधिर करणारे औषध मिसळलेले थंड सलाइन पसरवतात. त्याने दुखणे थांबते, शीर तंतूवर चपटी बसते आणि भोवतालच्या कातडीला व मज्जातंतूंना उष्णता लागत नाही. लेझर चालू करून तंतू सावकाश मागे ओढत आणला की शिरेची भिंत आतून भाजून आक्रसते, आणि पुढच्या महिन्यांत तिचा दोरा होऊन जातो. सुरुवातीची ८१० किंवा ९८० नॅनोमीटरची यंत्रे रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जास्त अवलंबून होती. आता रुळलेला १४७० नॅनोमीटरचा किरण पाण्यात शोषला जातो, त्यामुळे भिंतीवर तो कमी ताकदीत काम करतो. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो, आणि त्याने चालावे असेच आपल्याला हवे असते.

‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि तो अगदी योग्य आहे. पायाचे बहुतेक रक्त खोल शिरांतून वर जाते. बिघडलेली वरवरची शीर मदत करण्याऐवजी रक्त खाली सोडत असते. म्हणून ती गेल्याने तोटा होत नाही. परंतु जुन्या गुठळीमुळे खोल शीरच बंद झालेली असेल, तर फुगलेली वरवरची शीर हा रक्ताचा वळणरस्ता असू शकतो. तो बंद करणे म्हणजे पूर आलेल्या गावाचा उरलेला रस्ताही तोडणे. रंगीत डॉपलर तपासणी नीट झाल्याशिवाय लेझरच्या यंत्राजवळ जाऊ नये, हे सातव्या प्रकरणात सविस्तर येईल.

आता पुरावा. या भागात वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण इथे उत्साहापेक्षा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. जखमेवर पडणाऱ्या सौम्य प्रकाशाबद्दल केट फ्लेमिंग आणि निकी कलम यांनी १९९९ साली वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेसाठी आढावा घेतला, तेव्हा त्यांना नियमात बसणाऱ्या जेमतेम चार छोट्या चाचण्या मिळाल्या. लेझर आणि खोटा लेझर यांची तुलना केली असता भरण्यात फरक दिसला नाही. लेझरसोबत अवरक्त प्रकाश दिलेल्या एका छोट्या गटात फायदा दिसला, पण त्यावर विसंबता येण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती. मेस्टर यांच्या उंदरांची गोष्ट कितीही मोहक असली तरी ती रुग्णाला सांगताना हा आढावाही सांगावा.

शिरेवर उपचार करण्याच्या बाजूने पुरावा अधिक भक्कम आहे, आणि तो दोन टप्प्यांत समोर आला. इंग्लंडमधल्या ‘एस्कार’ नावाच्या चाचणीत ५०० रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २००४ साली आले. नुसती पट्टी आणि पट्टीसोबत वरवरच्या शिरेची शस्त्रक्रिया, दोन्हींत व्रण भरण्याचा वेग सारखाच होता. मात्र वर्षभरात व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण पट्टीवाल्यांत २८ टक्के, तर शस्त्रक्रियावाल्यांत १२ टक्के निघाले. मग प्रश्न उरला तो वेळेचा: आधी जखम भरू द्यावी आणि मग शीर पाहावी, की शीर आधी? २०१८ साली मनजित गोहेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘एव्हरा’ चाचणीने त्याचे उत्तर दिले. ब्रिटनमधल्या २० केंद्रांत ४५० रुग्ण. सर्वांना पट्टी, पण अर्ध्यांची शीर दोन आठवड्यांत बंद केली, उरलेल्यांची जखम भरल्यावर किंवा सहा महिन्यांनी. लवकर उपचार झालेल्यांत व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस, उशिरा झालेल्यांत ८२. चोवीस आठवड्यांत भरलेल्यांचे प्रमाण ८५.६ आणि ७६.३ टक्के.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उचलू नयेत. त्या चाचणीत शीर बंद करण्याच्या पद्धती एकाहून अधिक होत्या. लेझर त्यांतली एक. आणि सहा महिन्यांहून जुने व्रण तिथे घेतलेच नव्हते, तर आपल्या ओपीडीत येणारा व्रण कित्येकदा वर्षांच्या मापाने जुना असतो. तरीही दिशा स्पष्ट आहे: जखमेकडे पाहताना नजर वर शिरेकडे गेली पाहिजे, आणि ती लवकर गेली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पायावरचा प्रत्येक काळपट, ओला व्रण शिरेचाच असेल असे गृहीत धरू नका. मधुमेह आणि कुष्ठरोगात तळव्यावर जखम होते, कारण तिथली संवेदना गेलेली असते. धमनी बंद असेल तर जखम बोटांकडे असते, पाय गार लागतो आणि दुखणे रात्री पाय वर घेतल्यावर वाढते. विदर्भात किंवा नंदुरबारकडे तरुण रुग्णाच्या घोट्यावर व्रण दिसला तर सिकलसेलची रक्तचाचणी करावी, आणि हत्तीरोगाच्या भागात सुजेचा विचार वेगळा करावा. वर्षानुवर्षे उघड्या व्रणाची कड उचललेली, फुलकोबीसारखी दिसू लागली, तर तुकडा काढून तपासायला पाठवण्यात एक दिवसही दवडू नये. त्यात कर्करोग उद्भवू शकतो.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल दोन शब्द. परिचारिका आणि ड्रेसिंग करणाऱ्या मित्रांनी पहिली तीन प्रकरणे सलग वाचावीत. तरुण सर्जनांना थेट लेझरकडे जाण्याचा मोह होईल. त्यांनी डॉपलरचे प्रकरण ओलांडून पुढे जाऊ नये. आणि ज्यांच्या घरात असा पाय आहे, त्या वाचकांनी रकाने आणि आलेख सोडून दिले तरी चालेल, पण पट्टी, चालणे आणि घोट्याचे व्यायाम यांवरची पाने रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवावीत.

सुरुवात करण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहा. पाडुआत फॅब्रिशियस या शिक्षकाने शिरांतल्या झडपा दाखवल्या आणि १६०३ साली त्यांवर लिहिले. त्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात हे १६२८ साली सिद्ध करून दाखवले ते त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने, आणि त्यासाठी त्याला माणसाचा एक हात पुरला. कोपराच्या वर फडके सैलसर बांधा, इतके की नाडी लागत राहील. थोड्या वेळात हातावरच्या शिरा फुगतील आणि त्यांवर मधूनमधून बारीक गाठी दिसतील, त्या झडपा. मनगटाकडे एका शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने त्यातले रक्त वर, पुढच्या गाठीपलीकडे सारा. मधली शीर रिकामी, सपाट होईल. आता गाठीच्या वरून रक्त खाली ढकलून पाहा. ते उतरणार नाही. खालचे बोट उचलताच शीर खालून भरत येईल. हाताची ती शीर भरताना नीट पाहा, फडके सोडा आणि पहिले प्रकरण उघडा.